विचारा बिनधास्त : क्रूची लाईन पुढे का सरकत नाही?

विमानातल्या नोकरीबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मला वाटलं मेकअप, उंची, इंटरव्ह्यू असलं काहीतरी येईल, पण निम्म्या पत्रांत इमिग्रेशन आणि कस्टम्सच्या नावानं बोटं मोडलेली. मी स्वतः याच नोकरीतून रिटायर झालेय, त्यामुळे नवल काही वाटलं नाही.

ताई, मी इंटरनॅशनल सेक्टर करते. रात्रभर फ्लाइट करून पहाटे उतरायचं आणि पॅसेंजर बॅगा घेऊन कॅबमध्ये बसले तरी आम्ही क्रू काउंटरसमोर उभे, कारण काउंटरवर माणूसच नाही. मग पुढे कस्टम्स. परवा माझी अख्खी बॅग टेबलावर रिकामी करायला लावली, वापरलेले स्टॉकिंग्ज, हॉटेलात धुतलेला अर्धवट ओला टॉप, आईनं दिलेल्या भाजणीचा डबा सगळं बाहेर, आणि बाजूला आमचे कॅप्टन मान फिरवून उभे. सापडलं काय तर चॉकलेटचे डबे, त्यावरून वाद. आम्ही काय चोर आहोत का? आणि हा वेळ ड्यूटीत धरतात की रेस्टमध्ये?
— एक क्रू, डोंबिवली

अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण खरी मेख तिथंच आहे. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमात विमान थांबून इंजिन बंद झालं की फ्लाइट ड्यूटी पिरियड संपला. फ्लाइंग अलाउन्स ब्लॉक अवर्सवर, म्हणजे विमान जागचं हलल्यापासून थांबेपर्यंतच्या तासांवर, चाकांना चॉक्स (अडवायचे ठोकळे) लागले की मीटर बंद. त्यापुढे पोस्ट फ्लाइट ड्यूटी म्हणून काही मिनिटं धरतात, पण ती आधीच ठरलेली, लाईन मारुतीच्या शेपटीएवढी झाली म्हणून काही वाढत नाहीत. म्हणजे तू टेबलापाशी स्टॉकिंग्ज घड्या घालत उभी असतेस तेव्हा रोस्टरच्या हिशेबात तुझी विश्रांती चालू झालेली असते! पुढच्या फ्लाइटआधी किमान 12 तास किंवा आधीच्या ड्यूटीएवढी, यातली जास्त असेल तेवढी रेस्ट द्यायची असा नियम आहे, पण त्यातून काउंटरवरचा वेळ, मग एकाची बॅग अडकली म्हणून सगळ्यांची अडकलेली क्रू कार, मग ट्रॅफिक, हे सगळं वजा केलं की झोपेला काय उरतं ते तुला मी कशाला सांगू.

पैशाचं म्हणशील तर ही बोंब जगभर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या 10,000 पेक्षा जास्त फ्लाइट अटेंडंट्सनी संप केला तो याच मुद्द्यावर, की जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या. त्यांना बोर्डिंग वगैरेच्या वेळेचे थोडे पैसे मिळाले, इमिग्रेशनच्या लाईनचे मात्र नाहीत. तो विषय अजून कोणी धसाला लावलेला नाही.

आता चोर आहोत का. नाही गं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. जानेवारी 2018 मध्ये दिल्लीत हाँगकाँगला निघालेल्या एका एअर होस्टेसकडे 4 लाख 80 हजार डॉलर सापडले, फॉइलमध्ये गुंडाळलेले. मे 2024 मध्ये कन्नूरला मस्कतहून आलेल्या केबिन क्रूकडे शरीरात लपवलेलं जवळजवळ किलोभर सोनं निघालं. अमेरिकेत 2016 मध्ये तर लॉस एंजेलिसला एक अटेंडंट कोकेनची बॅग टाकून, शूज काढून अनवाणी पळाली. असं एक प्रकरण झालं की पुढचे कित्येक महिने प्रत्येक युनिफॉर्मवाल्याची बॅग उघडते, आणि टेबलामागच्या माणसाला वरून तसा आदेशच असतो, त्याच्याशी हुज्जत घालून तुझाच वेळ जातो. पण अंतर्वस्त्रं चारचौघांत पसरायची गरज नाही हेही तितकंच खरं. पुढच्या वेळी आवाज न चढवता सांग की लेडी ऑफिसर बोलवा आणि आडोशाला तपासा.

चॉकलेटचं मात्र त्यांच्या बाजूनं बोलावं लागेल. पॅसेंजरची ड्यूटी फ्री सवलत क्रूला लागूच नाही. 2026 मध्ये नवे नियम आले, त्याआधीच्या 2016 च्या बॅगेज रूल्समध्ये परदेशात राहून येणाऱ्या भारतीय पॅसेंजरला 50,000 रुपयांची सूट होती (नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून), आणि क्रूला चॉकलेट, चीज, कॉस्मेटिक्स, किरकोळ भेटवस्तू मिळून फक्त 1,500 रुपये. दीड हजारात दुबईहून काय यायचं, दोन डबे आणि एक लिपस्टिक! पॅसेंजर नवा लॅपटॉप फुकट आणू शकतो, लॅपटॉपच्या त्या नियमात 'क्रू सोडून' असं स्वच्छ लिहिलंय. त्यामुळे मावशी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांना आधीच सांगून ठेव की मी काही आणणार नाही. आकडे बदलत राहतात, ट्रिपआधी कस्टम्सच्या साइटवर बघत जा. स्वतःचा महागडा कॅमेरा नेत असशील तर जातानाच एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे ही वस्तू इथूनच नेली असा कस्टम्सचा कागद, करून घे.

आणि रिकामं काउंटर. इमिग्रेशन गृहखात्याचं, कस्टम्स अर्थखात्याचं, सिक्युरिटी सीआयएसएफकडे, एअरपोर्ट कंपनी चौथी, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. आखात आणि युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर एकामागोमाग उतरतात, पॅसेंजरची गर्दी फुगली की क्रू काउंटरवरचा माणूस उचलून तिकडे बसवतात. खरं तर 1944 च्या शिकागो करारातलं 22 वं कलम वाच, इमिग्रेशन आणि कस्टम्समुळे विमान, क्रू, पॅसेंजर, माल यांचा विनाकारण खोळंबा होऊ देऊ नका असं देशांनी कबूल केलंय, त्यात क्रू हा शब्द वेगळा घातलाय. मग करायचं काय, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर रडगाणं गाण्यापेक्षा चॉक्स ऑनची वेळ, काउंटरला पोचल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ टिपून ठेवा आणि कॅप्टनच्या रिपोर्टमध्ये घाला. पुढची ड्यूटी झोपेविना करावी लागली तर फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी नोंद, भरा, तो भरायला घाबरू नका. मोठ्या एअरपोर्टवर फॅसिलिटेशन कमिटी असते, इमिग्रेशन, कस्टम्स, एअरलाइन सगळे तिथे एका टेबलाशी बसतात, तुमच्या बेस मॅनेजरनं वेळांचा कागद तिथे ठेवला तर रात्रीचा माणूस मिळू शकतो. एकट्या मुलीची तक्रार तिथपर्यंत पोचत नाही, पंधरा फ्लाइटच्या वेळा पोचतात.

आम्ही तासभर लाईनीत उभे आणि हे क्रूवाले बॅगा ओढत सरळ पुढे जातात. का म्हणून?
— एक ज्येष्ठ वाचक, सांगली

काका, वरचं पत्र वाचलंत ना? त्यांचा वेगळा काउंटर असतो, जीडी म्हणजे जनरल डिक्लरेशन या विमानाच्या कागदावर सगळ्या क्रूची नावं आधीच असतात, म्हणून वेगळी सोय. आणि जाताना ते पुढे गेले तर तुमच्याच भल्याचं, क्रू लाईनीत अडकली की तुमचं बोर्डिंगही अडकलं.

मुलगी सिलेक्ट झालीय, अमेरिकेची फ्लाइट मिळाली तर वेगळा व्हिसा लागतो का? मैत्रीण म्हणते जीडीवर नाव असलं की पुरे.
— एक आई, नाशिक

बऱ्याच देशांत मैत्रीण म्हणते तसं चालतं, अमेरिकेत नाही. तिथे प्रत्येकाला स्वतःचा सी-1/डी, म्हणजे क्रूसाठीचा, व्हिसा लागतो. पूर्वी सगळ्या क्रूच्या यादीवर एकच व्हिसा मिळायचा, ते 2004 मध्ये बंद झालं. एका वेळी जास्तीत जास्त 29 दिवस राहता येतं. कागदपत्रं एअरलाइन करून देते, इंटरव्ह्यूला मात्र तिलाच जावं लागेल. आणि हो, जीडीवर गेलेली असेल तर तिथून मावशीकडे राहायला परस्पर जायचं नाही, विमानाबरोबर जायचं, विमानाबरोबर यायचं, हे तिच्या मावशीलाही आत्ताच सांगून ठेवा.