वाय-फायच्या पाकिटावर ‘मार्फत’ लिहायला जागा नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात स्टोअर आणि बिलिंग बघतो. आमचं स्टॉकचं सॉफ्टवेअर लई जुनं आहे, विंडोज ७ सोडून कशावर चालत नाही, म्हणून माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) विंडोज ७ टाकून त्यात ते चालवतोय. आधी केबल होती तेव्हा ब्रिज्ड मोडवर (आतलं मशीन नेटवर्कवर वेगळ्या पीसीसारखं दिसतं तो) सगळं मस्त होतं, शेजारच्या दोन पीसीवरनं पण डेटा उघडायचा. आता ऑफिस वरच्या मजल्यावर गेलं आणि सगळं वाय-फाय झालं. लॅपटॉपला नेट एकदम फर्स्टक्लास, पण आतल्या मशीनला काहीच नाही, आयपी १६९.२५४ असला काहीतरी दाखवतोय. ब्रिजमध्ये वाय-फायचं कार्ड निवडून बघितलं, मशीन दोनदा नवीन टाकून बघितलं. गंमत म्हणजे घरी कसबा बावड्यात नेलं की त्याच सेटिंगवर चालतंय! आयटीवाला म्हणतो लॅपटॉप चालतोय ना, मग माझा काय संबंध. आता काय करू?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : आधी एक सांगतो, तिसऱ्यांदा मशीन नवीन टाकू नका. मशीनला काही झालेलं नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी म्हणजे विंडोजने ‘मला पत्ता द्या’ म्हणून डीएचसीपीला, म्हणजे नेटवर्कवर आयपी वाटणाऱ्या सेवेला, हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग स्वतःच एक पत्ता लावून बसलं. म्हणजे हाक तरी पोचली नाही, नाहीतर उत्तर तरी वाटेत अडलं. आणि घरी तेच सेटिंग चालतंय हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, निम्मं उत्तर तिथंच आहे.

आपण पत्रावर ‘मार्फत’ लिहायचो ना, की पत्र याचं पण अमक्याच्या मार्फत, तसं समजा. केबलवर डेटाच्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर असतो, आतलं मशीन स्वतःचा मॅक लिहितं आणि साधा स्विच काही न विचारता ते पुढं ढकलतो. वाय-फायचं तसं नाही. लॅपटॉपकडून ॲक्सेस पॉइंटकडे, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डब्याकडे, जाणाऱ्या पाकिटावर साधारणपणे ३ पत्ते असतात : ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्या लॅपटॉपचा आणि शेवटी जिथं जायचंय त्याचा. लॅपटॉपच्या मागं बसलेल्या आणखी कुणाचं नाव लिहायला ओळच नाही. ४ पत्त्यांची सोय असते, पण ती दोन्ही बाजूंनी चालू असावी लागते आणि ऑफिसात तुमच्यासाठी ती कोण चालू करणार? आणि पासवर्ड देऊन आत आलाय तो लॅपटॉपचा मॅक, दुसऱ्या मॅकच्या नावानं पाकीट आलं की ॲक्सेस पॉइंट ते टाकून देतो.

मग घरी कसं चालतं? व्हर्च्युअलबॉक्स तिथं एक चलाखी करतं. वाय-फायवर ब्रिज केलं की पाकिटावरचं आतल्या मशीनचं नाव खोडून लॅपटॉपचं नाव घालतं आणि उत्तर आलं की आयपी बघून ज्याचं त्याला देतं. घरच्या राउटरला त्याचं काही नाही. पण डीएचसीपीच्या हाकेत, म्हणजे पाकिटाच्या आतल्या कागदावर, आतल्या मशीनचाच मॅक राहतो. ऑफिसच्या बऱ्याच नेटवर्कवर पाकीट आणि कागद ताडून बघायची सोय असते, दोन्हीवर वेगळी नावं दिसली की हाक तिथंच अडवली जाते. कुठं कुठं एका मॅकला एकच आयपी असाही नियम असतो. तुमच्याकडं यातलंच काहीतरी आहे असं मला वाटतं, आणि खात्री करायला पाच मिनिटं लागतात : लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तेच मशीन चालू करा. चाललं तर दोष ऑफिसच्या नेटवर्कच्या नियमात. आयटीवाल्याशी भांडू नका, त्याने ती कुलपं कारणानेच लावलीत.

माझं मत विचाराल तर ब्रिजचा नादच सोडा आणि नॅट घ्या. मशीन बंद करा, सेटिंग्जमध्ये नेटवर्कला जा, ब्रिज्डच्या जागी नॅट करा, चालू करा. आतमध्ये १०.०.२.१५ असा आयपी दिसेल, गेटवे १०.०.२.२. आता सगळी पत्रं लॅपटॉप स्वतःच्याच नावानं पाठवणार आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं ते आपल्या वहीत लिहून ठेवणार, बाहेर ॲक्सेस पॉइंटला आतलं मशीन दिसतच नाही. तसंही विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, असलं मशीन उघड्यावर ठेवण्यापेक्षा लॅपटॉपच्या आडोशाला राहिलेलं बरं. नॅटमध्ये पिंग करून (समोरचं मशीन ओ देतंय का बघायची कमांड) मात्र निकाल लावू नका, तिथं पिंगचं नीट चालेलच असं नाही, ब्राउझर उघडून बघा.

राहिलं शेजारच्या दोन पीसींचं. नॅटमध्ये बाहेरनं आत यायला दार नसतं, ते पोर्ट फॉरवर्डिंगनं पाडायचं, म्हणजे लॅपटॉपच्या एका ठरावीक पोर्टवर (दाराच्या नंबरवर) आलेलं आतल्या मशीनकडं पाठवायचा नियम करायचा. सॉफ्टवेअरचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा असला तर त्याचा नेहमीचा पोर्ट १४३३, मग होस्ट (लॅपटॉप) पोर्ट १४३३ आणि गेस्ट (आतलं मशीन) पोर्ट १४३३ असा एक नियम घाला, आणि त्या दोघांनी मशीनच्या नाही तर लॅपटॉपच्या आयपीवर जोडायचं. हा आयपी रोज बदलला तर बोंब होईल, म्हणून आयटीवाल्याला सांगून लॅपटॉपच्या मॅकवर तो पक्का करून घ्या, आणि विंडोजमध्ये वाय-फायचा मॅक सारखा बदलत राहायची सेटिंग असते ती बंद आहे ना बघा, नाहीतर पक्का केलेला आयपी काय उपयोगाचा! लॅपटॉपच्या फायरवॉलमध्येही तो पोर्ट उघडायला लागेल, नवीन वाय-फायला विंडोज बऱ्याचदा ‘पब्लिक’ समजतं आणि दार लावून घेतं. डेटा नुसत्या शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर ही युक्ती चालायची नाही, कारण फोल्डर शेअरिंगचा ४४५ पोर्ट लॅपटॉपचं विंडोज स्वतःच वापरत असतं. तेव्हा फोल्डर लॅपटॉपवर ठेवा आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधनं मशीनला दाखवा.

एवढं करूनही शेजाऱ्यांना लॅपटॉपच दिसत नसेल तर ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू असणार, म्हणजे एका वाय-फायवरच्या दोघांना एकमेकांशी बोलूच द्यायचं नाही. पाहुण्यांच्या वाय-फायवर हे सर्रास असतं. तिथं तुमचा आमचा इलाज संपला, वरच्या मजल्यावर एक केबल ओढून घ्या, लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीवर लागणारं लॅन ॲडॉप्टर मिळतं, आणि तुमचा जुना ब्रिज परत चालू. ब्रिजमध्ये मग वाय-फाय सोडून ते नवीन कार्ड निवडा, हे निवडायचंच लोक विसरतात आणि मला पत्र लिहितात.

प्रश्न : राजारामपुरीत माझा छोटा क्लास आहे. मुलांना शिकवायला एकच मशीन क्लोन करून दोन केली, दोन्ही नॅटवर. नेट दोन्हीवर चालतं पण दोघांचा आयपी १०.०.२.१५ च येतो आणि एकमेकांना पिंग होत नाही. क्लॅश होतोय का?
— एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : नाही हो ताई, क्लॅश नाही. साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःची वेगळी खोली असते आणि प्रत्येक खोलीत तोच नंबर, मधली भिंत काही उघडत नाही. तुम्हाला ‘नॅट नेटवर्क’ नावाचा वेगळा पर्याय हवाय, व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क टूल्समध्ये आधी एक तयार करा आणि मग दोन्ही मशीनना तेच द्या. पण त्याआधी दोघांचे मॅक बघा, क्लोन करताना जुनाच मॅक ठेवला गेला असेल तर एका खोलीत आल्यावर मात्र खरंच क्लॅश होईल. ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये मॅकच्या शेजारी गोल बाण आहे, एका मशीनचा तो दाबला की नवीन मॅक मिळतो. आणि मशीन विंडोजची असतील तर त्यांच्या फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी द्या, नाहीतर सगळं बरोबर करूनही पिंग येणार नाही आणि मुलं तुमच्याकडं बघत बसतील.