प्रश्न तुमचे: चिपाडाच्या ट्रेमध्ये कंट्रोलर बसेल का?

प्रश्न: काका, मी चिकोडी तालुक्यातली. बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात सोलर पंपाचे कंट्रोलर जोडण्याचं काम बघते. ते आम्ही थर्माकोलमध्ये घालून पाठवतो, पण आता गिऱ्हाईकच थर्माकोल नको म्हणतंय. माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे, म्हणजे चिपाड घरचंच. अंड्यांचे ट्रे पाडायचं एक जुनं मशीनही स्वस्तात मिळतंय. चिपाडाचा लगदा करून कंट्रोलरचे ट्रे पाडले तर जमेल का? एक कंट्रोलर सव्वादोन किलोचा आहे.

उत्तर: जमेल, खरं तुम्ही म्हणता त्या वाटेनं नव्हे. मशीनचा इसार दिला नसेल तर आठवडाभर थांबा.

मी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, करणारा माणूस. ४० वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना पॅटर्न करून दिले. शेवटच्या काही वर्षांत लगद्याच्या ट्रेचे साचेही केले. त्यामुळे जे सांगतो ते साच्याच्या बाजूनं सांगतो. रसायनातलं विचारायचं असेल तर बेळगावातच निजलिंगप्पा साखर संस्था आहे, एक चक्कर मारा.

आधी घरच्या चिपाडाबद्दल. मामांना विचारलंत का? गुऱ्हाळावरचं चिपाड वाळवून चुलवाणातच जातं, काहील त्याच्यावरच तापते. तुम्ही ते उचललंत तर मामांना जळण विकत घ्यावं लागेल. भाचीकडं पैसे मागायचे नाहीत ते, पण तुमच्या वहीत तो खर्च लिहा. साखर कारखान्यांचंही तेच आहे. त्यांचे बॉयलर चिपाडावर चालतात आणि उरलेल्या वाफेवर वीज करून विकतात. तमिळनाडूत करूरजवळ कागदाची मोठी सरकारी कंपनी आहे, ती साखर कारखान्यांचं चिपाड घेते आणि बदल्यात त्यांच्या बॉयलरची सोय करून देते. फुकट कुणीच देत नाही.

आता उतारा बघा. कारखान्यात एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणी, म्हणजे कोरडा माल दीडशेच्या आत. त्यातला तिसरा हिस्सा भेंड, उसाच्या गाभ्यातला मऊ स्पंज. तो आधी झोडून, चाळून काढावाच लागतो. लगद्यात राहिला तर साच्यावरच्या जाळीची भोकं बुजवतो, पाणी निथळत नाही, ट्रे साच्यातून निघेपर्यंत तुमचा चहा दोनदा होतो. उरले शंभर किलो. ते कॉस्टिक सोड्यात शिजवले की निम्मं विरघळून जातं. टनभर उसामागं हातात आले पन्नास किलो तंतू, आणि शेजारी काळ्या पाण्याच्या टाक्या. ते पाणी सोडणार कुठं? दूधगंगेत? प्रदूषण मंडळाचा माणूस यायच्या आधी गावकरीच येतील.

म्हणून शिजवण्याच्या भानगडीत पडू नका. चिपाडाच्या तयार लगद्याचे वाळलेले ताव मिळतात, ते आणा आणि जुन्या खोक्यांच्या लगद्यात मिसळा. चिपाडाचा तंतू जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा, पाइनसारख्या लाकडाचा तीनच्या आसपास. नुसत्या चिपाडाचा ट्रे दिसायला सुबक होतो, पण कोपऱ्यात तडकतो. परदेशी मालासोबत आलेली जाड खोकी रद्दीवाल्याकडं वेगळी काढून ठेवलेली असतात, ती घ्या. त्यात लांब तंतू टिकलेला असतो. आपल्याकडचा खोका चार-पाच जन्म घेऊन आलेला असतो, त्यात जीव नसतो. मी निम्मं-निम्मं घेऊन सुरुवात करतो आणि ट्रे हातात वाकवून प्रमाण बदलतो.

मशीनमध्ये लगदा ढवळायची टाकी आणि व्हॅक्यूम पंप धड असेल तर बाकीचं फारसं महत्त्वाचं नाही. टाकीत शंभर भाग पाण्यात एक भाग तंतू, कधी त्याहून कमी. जाळी लावलेला साचा त्यात बुडतो, पंप पाणी ओढतो, तंतू जाळीवर बसतो. बाहेर आलेल्या ओल्या ट्रेत तरी तीन हिस्से पाणी, एक हिस्सा माल असतो. खरा खर्च ते पाणी उडवण्यात आहे. उन्हात वाळवाल तर ट्रे आकसतो आणि वाकतो. अंड्याला चालतं, कंट्रोलरला चालत नाही. फोनच्या डब्यातला गुळगुळीत ट्रे वेगळा: तो ओला असतानाच तापलेल्या साच्यात दाबून वाळवतात. तुम्हाला तेवढं रूप नको. पण वाळल्यावर एकदा गरम साच्यात दाबून घेतलात तर मापात येईल.

आता माझ्या घरची गोष्ट, म्हणजे साचा. थर्माकोलचा तुकडा समोर ठेवून त्याच्यासारखा ट्रे काढायला जाल तर फसाल. मी फसलो होतो. एका ओळखीच्या माणसाच्या स्टॅबिलायझरसाठी मी थर्माकोलची हुबेहूब नक्कल केली. भिंती उभ्या, कारण लाकडी पॅटर्नला एक-दीड अंश टेपर, म्हणजे भिंतीचा तिरकेपणा, पुरतो ही हाताला लागलेली सवय. ट्रे साच्यातून निघताना फाटायचे. लगद्याला मी आता पाच अंशांखाली जात नाही. ते दुरुस्त करून एप्रिलमध्ये भरलेली पेटी उंचावरून पाडून बघितली तर पास. जुलैत तोच ट्रे नापास. शेडमध्ये महिनाभर पावसाच्या झडीत थप्पी पडून होती, खालचे ट्रे पापडासारखे मऊ. ओल्या हवेत कागदाची दाब सोसायची ताकद निम्म्यावर येते, हे मला बेळगावच्या पावसानं शिकवलं, तेही माझ्याच पैशानं. आता लगद्यात पाणी अडवणारं साइझिंग घालतो. तरी त्यानं थेंब अडतो, दमट हवा नाही अडत. थप्पी फळ्यांवर ठेवा, ताडपत्रीनं झाका आणि चाचणी पावसाळ्यातच घ्या.

दुसरा फरक ध्यानात ठेवा. थर्माकोल दबतो आणि बराचसा परत फुगतो. लगद्याचा ट्रे धक्का घेतो तो स्वतः चुरगळून. त्याच्या कपांनी, म्हणजे पोकळ उंचवट्यांनी, आणि फासळ्यांनी दबायचं असतं, आणि एकदा दबले की ते संपले. पार्सलच्या नेहमीच्या चाचणीत तुमच्या कंट्रोलरएवढ्या वजनाची पेटी ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एक कोपरा, त्याला लागून असलेल्या तीन कडा, मग सहाही बाजू. कोपऱ्यानं पहिल्याच पडण्यात सगळं सोसलं तर पुढच्या कडांना काही उरत नाही. म्हणून कोपऱ्यात दोन कप ठेवा, एक उंच, एक ठेंगणा. उंच दबला की ठेंगणा जागा होतो. ही युक्ती माझी नाही, नापास झालेल्या पेट्या उघडून बघता बघता सापडली.

तुमच्या मालाचं म्हणाल तर कंट्रोलरला पत्र्याची पेटी आहे असं धरतो. मग ट्रे थेट चालेल. नुसता सर्किट बोर्ड पाठवायचा असेल तर आधी अँटीस्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज साचू न देणाऱ्या, पिशवीत घाला. लगद्याचा बारीक धुरळा कनेक्टरमध्ये जातो आणि त्यातल्या क्षारांनी, गंधकानं तांबं काळं पडतं.

खर्चाचं विचारलं नाहीत, ते बरं केलंत. साच्याची किंमत ऐकून मशीन स्वस्त वाटेल. आधी एकच लाकडी नमुना करा, त्यावर हातानं लगदा थापून दहा ट्रे वाळवा आणि दहा पेट्या पाडा. मग मशीनवाल्याला फोन करा.

प्रश्न: खानापूर भागात आमचा बांबू आहे. ट्रेला बांबू चिपाडापेक्षा चांगला ना?

उत्तर: तंतू लांब, म्हणून चांगला. डेल कंपनीनं २००९ मध्ये लॅपटॉपच्या पॅकिंगला बांबूच्या लगद्याचे ट्रे वापरायला घेतले होते. दांडेलीची पेपर मिलही आधी बांबूवरच चालली. पण तोही शिजवावाच लागतो, म्हणजे काळ्या पाण्याचा प्रश्न तसाच. शेतातला बांबू तोडायला आता पूर्वीसारखी आडकाठी नाही, २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून काढला. आज तरी तुमच्या बांबूला बुरूड जास्त दाम देतील.

प्रश्न: निपाणीत तंबाखू काढल्यावर खोडं शेतातच पडतात. त्याचे ट्रे?

उत्तर: लगदा होतो, पण खोड लाकडासारखं टणक, तंतू आखूड आणि धुण्याच्या पाण्यात निकोटीन उतरणार. फुकट मिळतंय म्हणून त्याच्या मागं लागू नका.