जागे राहून कोणासाठी मागावे?

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या नवापूर तालुक्यातील ख्रिस्ती मंडळीची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मागे राहिलेले आम्ही वयस्कर रात्री त्यांच्यासाठी प्रार्थनेला बसतो. पण डुलकी लागते आणि नुसती नावे घेणे उरते. याला मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाजवळ मागणे, म्हणावे का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, अवश्य म्हणावे, मात्र नावांपाशी थांबू नये. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 62व्या अध्यायात यरुशलेमेच्या तटावरील पहारेकऱ्यांना स्वतः गप्प न राहण्यास आणि देवालाही स्वस्थ बसू न देण्यास सांगितले आहे, तर त्याच नगराचा पडलेला तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याने बांधकाम चालू असताना शत्रूच्या धमक्या ऐकून प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला; म्हणजे ज्याच्यासाठी मागायचे त्याच्यावर काय गुदरते आहे याची खबर ठेवणे हा प्रार्थनेचाच भाग आहे. तेव्हा आठवड्यातून एकदा फोन लावून विचारा : कोयत्याने कोणाचा हात कापला का, मुकादमाची उचल किती फिटली, पोरांची शाळा बुडते आहे का. देव सदोम नगराचा नाश करणार होता, तेव्हा अब्राहामाने त्या नगरासाठी मोघम दया मागितली नाही. तिथे 50 नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का, इथपासून घासाघीस करीत तो 10 वर आला. (आपल्या बाजारातल्या बायाही त्यात त्याला हार जाणार नाहीत.)

डुलकीचे म्हणाल, तर येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करीत असताना त्याचे शिष्यही झोपले आणि देह अशक्त आहे हे प्रभूनेच म्हटले. 1727 साली जर्मनीतील हेर्नहूट येथे मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीच्या 24 पुरुषांनी व 24 स्त्रियांनी अखंड प्रार्थनेसाठी दिवसाचे तास वाटून घेतले, आणि ती साखळी सुमारे 100 वर्षे चालली. तुम्हीही पाळ्या लावा. ज्यांना मध्यरात्री जागवत नाही त्यांनी पहाटेची वेळ घ्यावी.