एलईडी बल्ब वारंवार जात असेल, तर आधी काय पाहावे

तीन महिन्यांत चार बल्ब बदलावे लागले म्हणून लगेच महागडा बल्ब आणू नका. आधी तो घरातल्या नेमक्या कोणत्या जागी जातो, हे लक्षात घ्या. एकाच जागचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष बहुधा होल्डरचा असतो: आतल्या पिनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात, ठिणग्या उडतात आणि टोके काळवंडतात. मेन स्विच बंद करून होल्डर तपासा आणि काळा पडला असेल, तर बदलून टाका.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे एलईडी बल्ब बंद काचेच्या गोळ्यात बसवणे. त्यातल्या एलईडी सहसा टिकतात, पण त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग) उष्णतेने सुकत जातो आणि खोक्यावरचे 25,000 तास खोक्यावरच राहतात.

मात्र घरभर बल्ब जात असतील किंवा दिवे मध्येच अकारण प्रखर होत असतील, तर पुरवठ्याचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) ढिला असल्याची शंका घ्या. अशा वेळी दाब 230 व्होल्टच्या बराच वर जाऊ शकतो. तेव्हा स्वतः हात न घालता परवानाधारक वायरमनला त्याच दिवशी बोलवा. सर्ज प्रोटेक्टरचे (दाबाच्या अचानक उसळीपासून वाचवणाऱ्या उपकरणाचे) नंतर पाहू.