दवबिंदूची लाली कुठे गेली?

प्रश्न : माझ्या दवबिंदूची (ड्रॉसेरा या कीटकभक्षी झाडाची) पानं हिरवी पडली आहेत. लाल रंग यावा म्हणून माती आणखी आम्लधर्मी करू का?

उत्तर : नको, आम्ल ओतू नका! लाली येते अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि त्याची छटा पेशीतल्या रसाच्या आम्लतेवर ठरते, कुंडीतल्या मातीच्या नव्हे. आधी ऊन बघा. सावलीत ही झाडं हिरवीच राहतात. मग खत. मीही एकदा लाडानं खत घातलं होतं. नवी पानं हिरवीगार आली, पानांवरच्या केसांच्या टोकांवरचा चिकट थेंबही आटला. मुळांना आयता नायट्रोजन मिळाला की झाड कीटक पकडण्यावर कमी खर्च करतं. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेली वाळू यांचं मिश्रण मुळातच आम्लधर्मी, निकस असतं; तेवढं पुरे. पाणी मात्र पावसाचंच द्या, नळाच्या पाण्यातले क्षार साचून मुळं जळतात.