वॉव सिग्नल पुन्हा का सापडला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेत ओहायोतल्या बिग इअर रेडिओ वेधशाळेला अंतराळातून, कदाचित परग्रहवासीयांकडून आलेला एवढा दणदणीत ‘वॉव’ रेडिओ सिग्नल मिळाला, तर दुर्बीण पुन्हा तिकडेच रोखून सोक्षमोक्ष का लावला नाही? की प्रकरण दडपलं?

दडपलं वगैरे काही नाही. गोम दुर्बिणीच्या घडणीतच आहे.

बिग इअर ही फिरती तबकडी नव्हती. एका टोकाला वर-खाली कलणारा सपाट परावर्तक, समोर पक्का बसवलेला वक्र परावर्तक आणि मधली जमीन ॲल्युमिनियमने मढवलेली, असं ते अवाढव्य धूड. पूर्व-पश्चिम वळायची सोयच नाही, ते काम पृथ्वीच्या भ्रमणाचं. आकाशातला कुठलाही बिंदू बीममध्ये (दुर्बिणीला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या पट्ट्यात) शिरून मधोमध येऊन बाहेर पडेपर्यंत ७२ सेकंद जायची. झालं, आता उद्या भेटू!

आता दुर्बिणीच्या नोंदींचा कॉम्प्युटरने छापलेला तो कागद डोळ्यांसमोर आणा. पन्नास फ्रिक्वेन्सी-चॅनलचे पन्नास रकाने, दर १२ सेकंदांना एक ओळ, आकडा म्हणजे सिग्नलचा जोर. जवळपास सगळीकडे १, २ किंवा मोकळी जागा. जेरी एहमन हे सेटीच्या, म्हणजे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधाच्या, कामात मदत करणारे खगोलशास्त्रज्ञ काही दिवसांनी ते गठ्ठे चाळत बसले होते. एका रकान्यात त्यांना उभं दिसलं: ६, ई, क्यू, यू, जे, ५. नवाच्या पुढे अक्षरं, ए म्हणजे १०. म्हणजेच ६, १४, २६, ३०, १९, ५. सहा ओळी गुणिले १२, बरोबर ७२ सेकंद. चढ-उतारही ताऱ्यांसोबत सरकणाऱ्या बिंदूचा असावा तसाच. विमान किंवा उपग्रह असता तर हा आलेख असा नेटका उमटणं कठीण. शिवाय फ्रिक्वेन्सी हायड्रोजन वायूतून निसर्गतः निघणाऱ्या १४२० मेगाहर्ट्झजवळची, जिथे रेडिओ प्रक्षेपणाला बंदी आहे. एहमननी लाल पेनाने ते गोल करून शेजारी ‘वॉव!’ लिहिलं, यात नवल नाही.

पण बिग इअरला हॉर्न, म्हणजे लहरी टिपणारे कर्णे, दोन होते. एकातून गेलेला स्रोत सुमारे तीन मिनिटांनी दुसऱ्यातूनही जायला हवा. हा एकदाच दिसला. म्हणजे मधल्या वेळात तो एकतर सुरू झाला किंवा बंद पडला. त्यातून कॉम्प्युटर दोन्ही हॉर्नमधला फक्त फरक छापायचा, त्यामुळे नेमका कुठला हॉर्न ते कळायला मार्ग नाही. परिणामी धनु राशीत एक नाही, दोन जागा धुंडाळाव्या लागतात. (हा सिग्नल एका धूमकेतूचा होता, असाही एक खुलासा आहे. तो मला पटत नाही तो याच हॉर्नमुळे. धूमकेतू तीन मिनिटांत विझत नसतो.)

आणि शोधलं नाही असंही नाही. बिग इअरच्या लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढे या सिग्नलचा पाठपुरावा करणारे रॉबर्ट ग्रे यांनी १९९५-९६ मध्ये अमेरिकेतल्या व्हेरी लार्ज ॲरे (व्हीएलए) या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने पाहिलं. नंतर ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या दुर्बिणीने त्या जागांचा तासन्‌तास माग काढला. हाती शून्य. पण व्हीएलएच्या निरीक्षणांत प्रत्येक जागेला वेळ फार थोडा मिळाला होता. तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस गप्प राहून मिनिटभरच बोलणारा स्रोत असेल, तर असं जाऊन-येऊन पाहिल्याने तो गवसेलच असं नाही.

त्याच दुर्बिणीने आता बघा म्हणाल, तर तीही सोय उरलेली नाही. जमीन विकली गेली, १९९८ मध्ये बिग इअर पाडली आणि तिथे शेजारचं गोल्फ कोर्स वाढवलं.