मेश बारीक केला की स्ट्रेस वाढतच जातो, तेव्हा आधी कोपरा बघा

संगणकावर भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून, म्हणजे मेश करून, स्ट्रेस (आतला ताण) काढताना आलेला प्रश्न थोडक्यात असा: एल आकाराचा पोलादी ब्रॅकेट, ६ मिमी जाड, ५० मिमी रुंद. उभी बाजू दोन बोल्टांनी भिंतीला, आडव्या बाजूवर कोपऱ्यापासून ७५ मिमीवर ६०० न्यूटन भार. मेश ४ मिमी असताना कमाल स्ट्रेस १८० मेगापास्कल, २ मिमीला २४६, १ मिमीला ३३७. यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं वाकू लागतं तो स्ट्रेस, २५०. मग डिझाइन नापास का?

या आकड्यांवरून पासही म्हणता येत नाही आणि नापासही. एलिमेंट निम्मा केला की दर वेळी स्ट्रेस १.३७ पट होतोय, आणि हा १.३७ ओळखीचा आहे. आतला काटकोनी कोपरा फिलेट (गोलाई) न देता तसाच धारदार ठेवला, तर रेषीय गणितात तिथला स्ट्रेस अनंत असतो. कोपऱ्याजवळ जाताना तो अंतराच्या ०.४५५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि २ चा तेवढा घात म्हणजेच १.३७. सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) बिचारा अनंताच्या मागे धावतोय. मेश ०.५ मिमी केलात तर ४६० च्या आसपास दाखवेल.

आता कागदावर करा. बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर, भार गुणिले अंतर) ६०० × ७५ = ४५,००० न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस (पट्टीच्या छेदाचा वाकण्याला होणारा विरोध) ५० × ६ × ६ ÷ ६ = ३०० घन मिमी. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की कोपऱ्याशी नाममात्र स्ट्रेस १५० मेगापास्कल. प्लॉटवर (स्ट्रेसच्या रंगीत चित्रावर) कोपऱ्यापासून एखाद-दोन जाड्या दूर, त्या जागेच्या मोमेंटप्रमाणे येणारा आकडा जुळतो का बघा. तिथे जुळत नसेल तर कोपऱ्याची चर्चाच नको, चूक दुसरीकडे आहे.

मग मॉडेलमध्ये खरी त्रिज्या द्या. पट्टी वाकवून केली असेल तर आतली त्रिज्या साधारण जाडीइतकी असते. त्या वळणावर निदान सहा ते आठ एलिमेंट आणि जाडीत किमान दोन, तेही कडांच्या मध्यावर नोड (जोडबिंदू) असलेले. चार नोडचे टेट्रा (चार त्रिकोणी बाजूंचे एलिमेंट) वाकण्यात फाजील कडक वागतात आणि स्ट्रेस कमी दाखवतात, म्हणून दहा नोडचेच घ्या. तीन मेश चालवा. शेवटच्या दोनांत कमाल स्ट्रेस ५ टक्क्यांहून कमी हलला तर तो आकडा धरायचा. सरासरी न काढलेला, एलिमेंटनिहाय स्ट्रेसही एकदा उघडून बघा. शेजारच्या एलिमेंटांत मोठी तफावत असेल तर गुळगुळीत रंगांवर भुलू नका.

जोड वेल्डिंगचा असेल तर वेल्डच्या कडेचा कमाल आकडा सोडूनच द्या. कडेपासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचा, म्हणजे इथे २.४ आणि ६ मिमीवरचा पृष्ठभागावरचा स्ट्रेस घ्या. पहिल्याची १.६७ पट वजा दुसऱ्याची ०.६७ पट म्हणजे हॉट-स्पॉट स्ट्रेस. तो वेल्डच्या फटीग (वारंवारच्या भाराने येणाऱ्या थकव्याच्या) वक्राशी ताडायचा, यील्डशी नव्हे.

बहुतेक घोळ मात्र बंधनांत, म्हणजे मॉडेल कुठे कसं पकडलं यात, असतो. उभ्या बाजूची पूर्ण पाठ फिक्स केली की ती बाजू वाकूच शकत नाही. टोकाचं विस्थापन नुसत्या कॅन्टिलिव्हरच्या (एका टोकाला पकडलेल्या पट्टीच्या) सूत्राने ०.४५ मिमी येतं. खऱ्या ब्रॅकेटमध्ये कोपराही थोडा वळतो, म्हणून ते याहून जास्त हवं. ०.४५ लाच अडकलं तर बंधन फाजील कडक आहे. पाठ आणि भिंत यांच्यात कॉन्टॅक्ट द्या, म्हणजे दाब जाईल पण ओढ जाणार नाही, आणि बोल्टला प्रीटेन्शन (आवळल्यावरचा ताण) द्या. भोकाची कड फिक्स केलीत तर तिथे नवा अनंत तयार होतो. रिॲक्शनची (आधारांनी दिलेल्या उलट बलांची) बेरीज ६०० न्यूटन आलीच पाहिजे. स्वतःचं वजन धरताना मिमी-न्यूटन पद्धतीत घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी. तिथे ७८५० (किलो प्रति घनमीटरचा आकडा) टाकणं ही नेहमीची चूक.

स्ट्रेस तरीही जास्त वाटला तर जाडी ८ मिमी करा. नाममात्र स्ट्रेस १५० वरून ८४ वर येतो, कारण तो जाडीच्या वर्गाने घटतो. मधे त्रिकोणी पट्टी लावली तर कोपरा सुटतो, पण पट्टीच्या टोकाशी नवा कमाल बिंदू येतो. तोही तपासा.

भार स्थिर आहे की रोज चढतो-उतरतो, हे प्रश्नात नाही. स्थिर असेल आणि पोलाद चिवट असेल, तर फिलेटवर थोड्याशा जागेत यील्ड ओलांडलं तरी चालून जातं, कारण स्ट्रेस शेजारी वाटला जातो. चढता-उतरता असेल तर तीच जागा तडा जायची. तेव्हा किती आवर्तनं अपेक्षित आहेत ते कळवा.